गळ झाकणारे कवच: एका हंगामाचा अनुभव

लाँगलाइन मासेमारीसाठी, म्हणजे एका लांब दोरीला अनेक गळ लावून केलेल्या मासेमारीसाठी, मिळणारे हे प्लास्टिकचे कवच आम्ही बोटीवर पूर्ण हंगामभर वापरले आणि ते जरूर घ्यावे, असे माझे मत झाले आहे. गळाचे टोक कवचात बंद राहते, आमिष मात्र बाहेर दिसते; ठरलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने कवच उघडेपर्यंत अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याने आमिषावर झडप घातली, तरी त्याच्या चोचीत गळ रुतत नाही. सांध्यात मीठ साठते, म्हणून दर फेरीनंतर ते गोड्या पाण्याने धुवावे लागते.

खरेदी करताना कवच किती खोलीवर उघडते ते पाहून घ्यावे. अल्बाट्रॉस व पेट्रेल या समुद्री पक्ष्यांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये अमलात आला, आणि 2012 साली त्याचे छत्र बॅलिअरिक शिअरवॉटर या अतिसंकटग्रस्त पक्ष्यावरही धरले गेले, ही फार मोलाची गोष्ट झाली. हा पक्षी मात्र 10 मीटरपेक्षाही खोल बुडी मारू शकतो. त्यामुळे त्याच्या वावराच्या समुद्रात 10 ऐवजी 20 मीटरवर उघडणारे कवचच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.