संधिवाताच्या डॉक्टर, बडोदा: आईचा अनुभव
दांडिया बाजारातून आईला रिक्षाने नेलं, सकाळी उठल्यावर तासभर तिची मूठच वळत नव्हती आणि आधी दुसरीकडे ८ महिने नुसत्या पेनकिलर दिल्या होत्या, फार राग येतो आठवलं की. इथे मॅडमनी एकेक सांधा दाबून बघितला, अँटी-सीसीपी ही संधिवाताची रक्ताची टेस्ट करून मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे आईकडून ३ वेळा वदवून घेतलं कारण चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वेटिंग अडीच तास! पण असे डॉक्टर आहेतच किती हो, एमबीबीएस ५.५ वर्षं, मग एमडी ३, त्यावर डीएम ही संधिवाताची खास पदवी ३. शिकाऊ डॉक्टरला पण शेजारी बसवून नीट शिकवत होत्या, ते मला सगळ्यात आवडलं. जुने रिपोर्ट न्या सोबत.