कृष्णाकाठ : घडत्या यशवंताची हकीकत

यशवंतराव चव्हाणांच्या आत्मचरित्राचा हा पहिला खंड 1984 साली प्रसिद्ध झाला आणि 1946 पर्यंतच्या आयुष्यापाशी तो थांबतो. त्यामुळे येथे मुख्यमंत्री भेटत नाहीत, तर देवराष्ट्रे या गावात 1913 साली जन्मलेला आणि वडील लवकर गमावलेला एक मुलगा भेटतो. मला या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटली ती आई विठाबाई. स्वतः निरक्षर असूनही मुलांच्या शिक्षणाला तिने खंड पडू दिला नाही आणि कोवळ्या वयात तुरुंगात गेलेल्या मुलाने माफी मागावी हा सल्ला तिने ठामपणे नाकारला, तो प्रसंग वाचताना माझे डोळे भरून आले.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधील दिवसांइतकेच येरवड्याच्या तुरुंगातील दिवसही येथे शिक्षण म्हणूनच येतात, कारण आचार्य भागवतांसारख्या व्यासंगी माणसांच्या सहवासात या तरुणाला वाचनाची आणि विचारांची शिस्त लागली. तुरुंगवासामुळे मॅट्रिक 1934 पर्यंत लांबली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए. आणि पुण्यातून कायद्याची पदवी त्यांनी घेतली.

उत्तरार्धातील पक्षीय घडामोडींचे तपशील मला काहीसे दाट वाटले, तरी भाषा शेवटपर्यंत निवळशंख आणि निगर्वी राहते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे पुस्तक मी आग्रहाने सुचवेन. त्यांनी पहिला भाग मात्र सावकाश वाचावा.