म्हापशाच्या अपघात क्लेमवाल्या वकील मॅडम, आमचा अनुभव (दादाची केस)

इथे नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि मॅडमनी स्वतःच नको म्हटलं. पण दोन वर्षं आम्ही त्यांच्या ऑफिसात जाऊन येऊन होतो, ते लिहायलाच हवं, कारण असा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्यांना त्या वेळी कुठे जायचं हेच कळत नाही.

फेब्रुवारी २०२३. दादा पेडण्याहून स्कूटरवर घरी येत होता, धारगळजवळ हायवेवर चिऱ्यांनी भरलेला ट्रक पंक्चर होऊन उभा. काळोख पडलेला, पार्किंग लाईट नाही, त्रिकोण नाही, मागे साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. दादा मागून जाऊन आदळला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि घोटा आता वळतच नाही. दादा पाडेली, माडावर चढून नारळ पाडणं हाच त्याचा धंदा.

वॉर्डातच तिसऱ्या दिवशी एक एजंट आला, मिळतील त्यातले पंचवीस टक्के माझे, सही करा म्हणाला. वहिनी तर करणारच होती, घरात पैसा नव्हता. मी तिला थांबवलं आणि ओळखीतून या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी हेच सांगितलं की क्लेमच्या रकमेत टक्का घेणं बार कौन्सिलच्या (वकिलांच्या संस्थेच्या) नियमांत बसत नाही, फी ठरवून घेतली आणि प्रत्येक वेळी पावती दिली.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. दादाला भेटायच्या आधी त्या जागेवर गेल्या. ट्रकच्या मागचा रिफ्लेक्टर मातीने झाकलेला होता, त्याचा आमच्याकडे मोबाईलवर एकच फोटो होता तो जपून ठेवायला सांगितला, पोलिसांकडून पंचनाम्याची कॉपी काढली, ट्रकच्या नंबरवरून विमा कुठल्या कंपनीचा ते शोधलं. पोलिसांनी ट्रिब्युनलला (अपघाताचे क्लेम चालतात ते कोर्ट) पहिला रिपोर्ट ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत द्यायचा असतो, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, त्यासाठी पाठपुरावा त्यांनीच केला. आणि क्लेम सहा महिन्यांत दाखल करायचा असं २०२२ पासून कायद्यात आलंय, लोक पाय बरा होऊदे मग बघू म्हणून बसतात आणि मुदत निघून जाते. आमचा जूनमध्येच दाखल झाला.

विमा कंपनीचं म्हणणं, मागून धडक दिली म्हणजे चूक तुमचीच. आणि पाय सर्टिफिकेटवर ३० टक्केच अधू, माणूस चालतो फिरतो. लोक अदालतीत सहा लाख देऊ केले तेव्हा माझं मन डळमळलं होतं खरं. मॅडमनी कागद घेऊन हिशोब मांडला, महिना १५,००० धरले, वर्षाचे १,८०,०००, दादा ३८ चा आणि स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००, त्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा) १५, झाले ३७,८०,०००. त्याचे ३० टक्के धरले तरी अकरा लाखाच्या वर जातात, मग सहा कशाला घ्यायचे. आणि ३० टक्केच का धरायचे हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार केसमध्ये सांगितलंय की अवयव किती अधू झाला यापेक्षा त्यामुळे कमाई किती गेली ते बघायचं.

त्या आमच्या वाड्यावर आल्या, माडाच्या खोडाला पाय ठेवायला केलेल्या खाचांचे फोटो काढले, दादाला पायात घालायची दोरी हातात घेऊन दाखवायला लावलं की चढताना घोटा कसा वळवावा लागतो. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळी गप्प. कोर्टात त्यांनी डॉक्टरना तेच विचारलं, हा माणूस परत माडावर चढेल का? डॉक्टर म्हणाले नाही. दादाला माडामागे रोख पैसे मिळायचे, पावती कसली असणार, तर तीन भाटकारांना (माडांच्या बागांच्या मालकांना) साक्षीला आणलं.

ट्रिब्युनलने कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं, म्हणजे २२,६८,०००, वर औषधोपचार आणि वेदनेचे वेगळे. त्यातून २० टक्के दादाच्या चुकीचे कापले, ते मला आजही पटत नाही, पण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की उभ्या ट्रकवर मागून आदळल्यावर थोडं कापतातच.

तक्रारी दोन आहेत. फोन लवकर उचलत नाहीत, मेसेज टाकावा लागतो. आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कुबड्या घेतलेल्या माणसाचे हाल होतात, आमच्यासाठी त्या दर वेळी खाली यायच्या, गाडीतच बसून कागद वाचायच्या. तारखाही खूप पडल्या, पण ते काही त्यांच्या हातात नव्हतं.

जाणार असाल तर एफआयआरची कॉपी, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं आणि रिक्षाचे पैसे लिहिलेली वहीसुद्धा घेऊन जा, आमच्या वहिनीने शाळेच्या जुन्या वहीत लिहिलेले आकडे त्यांनी एकेक करून वाचले होते.