बेळगावातलं बाळांचं आयसीयू: चार तारे

लेकीचं बाळ 1400 ग्रॅमचं, म्हणून खानापुराहून थेट बेळगावला आणलं. इथं गुदद्वारातून कापसाच्या काडीनं नमुना घेतला. आतड्यात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही न जुमानणारा! आमच्या तोंडचं पाणीच पळालं. डॉक्टरबाईंनी मराठीतून नीट समजावलं: जंतू आतड्यात वस्तीला आहे, रक्तात नाही. आजाराची लक्षणं नसताना अँटिबायोटिक दिलं तर चांगले जंतू मरतात नि हाच माजतो. बाळाला वेगळं ठेवलं, स्टेथोस्कोपही वेगळा. आईचं दूध नळीनं सुरू. सिस्टर कन्नडवाल्या, पण कडक. हात न धुता आत निघालेल्या जावईबापूंना दारातच अडवलं, बरं झालं! बिलाच्या काउंटरवरचा माणूस मात्र भलताच तुसडा. एक तारा त्याचाच कापला.