कॅम्परव्हॅनसाठी एजीएम की लिथियम? बॅटरीसोबत बदलणाऱ्या वायरिंगचा हिशेब

कॅम्परव्हॅनच्या विजेची चर्चा हमखास 'एजीएम घेऊ की लिथियम' इथून सुरू होते. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. बॅटरीचा प्रकार ठरला की अल्टरनेटरकडून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राकडून) येणारी लाइन, चार्जर, फ्यूजचा प्रकार, मीटर आणि बॅटरी ठेवायची जागा हे सगळं त्यासोबत ठरून जातं. त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही बाजूंच्या पूर्ण यंत्रणांची करावी लागते. एजीएम म्हणजे सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, आणि इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी. व्हॅनमध्ये बसवण्यासारखा लिथियमचा प्रकार तोच.

आधी लोड मांडा. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि दिवसातला ४० टक्के वेळ चालतो असं धरलं तर ४३० वॅट-तास झाले. पंखा २५ वॅटचा, आठ तास: २००. लॅपटॉप ६० वॅट, तीन तास: १८०. दिवे ८०, फोन ३०, पाण्याचा पंप १५. बेरीज ९३५, आणि वायर-इन्व्हर्टरमधला तोटा दहा टक्के धरून दिवसाला सुमारे १,०३० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या (प्रत्यक्षात सुमारे १२.८ व्होल्ट देणाऱ्या) बॅटरीतून ८० एएच (अँपिअर-तास). या यादीत एक गोष्ट नेहमी राहून जाते: इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो १५ वॅटच्या आसपास खातो. दिवसभर चालू राहिला तर ३६० वॅट-तास, जवळपास दुसरा फ्रिजच. त्याचं बटण हाताशी येईल असं बसवा.

चार्जिंग न मिळता दोन दिवस निघायला हवेत असं ठरवलं तर १६० एएच वापरायला लागतील. एजीएम निम्म्याखाली उतरवायची नसते, एलएफपी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. त्यावरून चित्र असं दिसतं:

| | एजीएम | एलएफपी |
|---|---|---|
| लागणारी क्षमता | ३२० एएच | २०० एएच |
| वजन, अंदाजे | ९० ते १०० किलो | २२ ते २६ किलो |
| चार्जिंग व्होल्टेज | १४.४ ते १४.७ | १४.२ ते १४.६ |
| फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) | १३.५ ते १३.८ | १३.५ च्या आसपास किंवा नाहीच |
| शून्य अंशाखाली चार्जिंग | होतं, पण हळू | करायचंच नाही |
| आयुष्य | काही शे चक्रं (एकदा वापरून पुन्हा भरणं म्हणजे एक चक्र) | २,००० चक्रांच्या पुढे |

कागदावर एलएफपी सरळ जिंकते. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा फरक या तक्त्यात दिसतच नाही, तो चार्जिंगच्या वेळात आहे. ४० अँपिअरच्या चार्जरवर निम्मी रिकामी झालेली ३२० एएचची एजीएम ८० टक्क्यांपर्यंत अडीच तासांत येते, पण उरलेले २० टक्के भरायला आणखी चार-पाच तास घेते. कारण भरत आली की ती करंट घेणंच कमी करते. तेवढेच १६० एएच एलएफपी चार तासांत भरून घेते, जवळपास शेवटपर्यंत पूर्ण ४० अँपिअर ओढत. रोज दोन तास गाडी चालवून पुढचा मुक्काम गाठणाऱ्यांकडे एजीएम कधीच शंभर टक्के भरत नाही. अशी सतत अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते आणि वर्षभरात क्षमता घालवून बसते. मग दोष कंपनीला जातो. चूक बॅटरीची नसते, वापराची असते.

एजीएमचा दुसरा छुपा तोटा मोठ्या लोडचा. तिच्यावर लिहिलेले १०० एएच २० तासांत हळूहळू, म्हणजे पाच अँपिअरने काढले तरच मिळतात. इंडक्शन किंवा केटलसाठी ५०-६० अँपिअर ओढलेत तर त्यातले बरेचसे हातीच लागत नाहीत. एलएफपीत हा फरक नगण्य.

एलएफपीची खरी किंमत वायरिंगमध्ये मोजावी लागते. एजीएमला इंजिनच्या बॅटरीशी जोडायला साधा व्होल्टेज सेन्सिंग रिले (व्होल्टेज बघून आपोआप लागणारा स्विच) पुरत असे: इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं, रिले लागला, १२.८ ला उतरलं, सुटला. एलएफपीचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी की रिले लागताच ती अल्टरनेटर देईल तेवढं सगळं खेचते. त्यात गाडी आयडलिंगवर उभी असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय आणि लोड मात्र पूर्ण, अशी अवस्था होते. डायोड तापतात आणि जातात. त्याहून वाईट म्हणजे चार्जिंग चालू असताना बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सुरक्षा सर्किटने) अचानक बॅटरी तोडली, तर रिकाम्या झालेल्या लाइनवर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरसोबत गाडीतले बाकी इलेक्ट्रॉनिक्सही धोक्यात येतात.

म्हणून एलएफपीसोबत डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा) ऐच्छिक धरू नका. ३० अँपिअरचा बहुतेकांना पुरतो; मोठा घ्यायचा असेल तर आधी अल्टरनेटरचा आकडा पाहा आणि त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ओढू नका. नव्या गाड्यांमधला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच १२.५ पर्यंत खाली आणतो. अशा गाडीत एजीएमलाही रिले चालत नाही, हाच चार्जर लागतो. म्हणजे गाडी नवी असेल तर 'एजीएमचं वायरिंग स्वस्तात होतं' हा मुद्दा बराचसा निकालात निघतो.

थंडीचा मुद्दा मात्र एजीएमच्या बाजूचा. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास एलएफपीच्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात जमा होतं आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडायची सोय असते, पण सगळ्यांत नसते. घेण्यापूर्वी माहितीपत्रकात 'लो टेंपरेचर चार्ज कटऑफ' स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. शिवाय एलएफपी गाडीच्या आतल्या बाजूला, झोपण्याच्या जागेखाली ठेवा. फ्लोअरखाली बाहेर टांगायची असेल तर एजीएमच घ्या. इंजिनजवळची जागा दोघींनाही वर्ज्य. उष्णतेने एजीएमचं आयुष्य तर दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं.

आता फ्यूज. फ्यूज उपकरण वाचवायला असतो हा समज डोक्यातून काढून टाका. तो वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, दुसऱ्या टोकाला उपकरणाजवळ लावून उपयोग नाही. इंजिनची बॅटरी आणि दिवे-फ्रिज चालवणारी बॅटरी जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना वीज आहे, तर फ्यूजही दोन्ही टोकांना. इथेही बॅटरीचा प्रकार आडवा येतो. एलएफपी शॉर्ट झाली तर क्षणात काही हजार अँपिअर सोडू शकते. मेगा फ्यूज साधारण २,००० अँपिअरपर्यंतचाच शॉर्ट सुरक्षित तोडतो. त्याच्या पलीकडे तो वितळला तरी आत ठिणगीची कमान धरून करंट चालूच राहू शकतो. एलएफपीच्या मुख्य लाइनला क्लास-टी फ्यूज लावा, त्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअर असते. पुढच्या शाखांना मेगा आणि ब्लेड फ्यूज चालतील.

वायरच्या जाडीत बहुतेक जण करंट बघतात, अंतर विसरतात. गणित सोपं आहे: एका बाजूचं अंतर मीटरमध्ये, गुणिले दोन, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१८, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम, उत्तर व्होल्टमध्ये. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर, करंट पाच अँपिअर, दीड स्क्वेअरची वायर: ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. दीड स्क्वेअरला पाच अँपिअर काहीच नाहीत, वायर गरमही होत नाही. पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका काही पट मोठा असतो, तेवढ्यापुरतं फ्रिजपाशी व्होल्टेज आणखी कोसळतं आणि फ्रिजचा कंट्रोलर 'बॅटरी संपली' समजून बंद पडतो. बॅटरी निम्मी भरलेली, मीटर ठीक दाखवतोय आणि फ्रिज मात्र रात्री दोन वाजता लाल दिवा मिचकावतोय, याचं कारण दहातल्या आठ वेळा हेच. चार स्क्वेअर टाकली की तोटा ०.२ व्होल्टवर येतो. एजीएमचं व्होल्टेज लोडखाली जास्त पडतं, म्हणून हा त्रास तिच्यासोबत आधी दिसतो. एलएफपी शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि बारीक वायरीचं पाप काही काळ झाकते.

डीसी-टू-डीसी चार्जरकडे येणारी लाइन पाच मीटरची असेल तर ३० अँपिअरच्या चार्जरला १६ स्क्वेअर टाका. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० ते १०० अँपिअर ओढतो: ३५ स्क्वेअर, मीटरभराच्या आत, १२५ अँपिअरचा फ्यूज. २००० वॅटला हेच १९० अँपिअर, ७० स्क्वेअर आणि २५० चा फ्यूज होतो. ही केबल वळवतानाच हात भरून येतात. इथे २४ व्होल्टचा मोह होतो, कारण करंट निम्मा होऊन पुन्हा ३५ स्क्वेअरवर भागतं. पण मग दिवे, पंप, पंखा यांना १२ व्होल्टचा कन्व्हर्टर, आणि १२ व्होल्टच्या अल्टरनेटरवरून २४ चार्ज करणारा खास चार्जर. ३००० वॅटच्या पुढचा इन्व्हर्टर नसेल तर १२ वरच राहा.

दोन हजारांचा इन्व्हर्टर घेताना आणखी एक पाहा: १०० एएचच्या एलएफपीचा बीएमएस बऱ्याचदा १०० अँपिअरचाच असतो. एका बॅटरीवर १९० अँपिअर मागितले की तो ट्रिप होतो आणि गाडीतलं सगळं एकदम अंधारात. दोन बॅटऱ्या पॅरलल लावल्या तर पॉझिटिव्ह पहिलीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढा. दोन्ही एकाच बॅटरीवरून काढले तर तीच राबते आणि आधी थकते.

मीटरबद्दल थोडंच. एजीएम काही तास निवांत ठेवून मोजली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी, असा ढोबळ अंदाज निघतो. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, तिथे व्होल्टमीटर निरुपयोगी, शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग) लागतोच. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटशिवाय दुसरी एकही वायर नको. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह कुणी घाईत थेट बॅटरीवर लावली की शंट ते चार्जिंग मोजत नाही आणि टक्केवारी रोज थोडी थोडी खोटी होत जाते.

सोलरच्या बाबतीत दोन्ही बॅटऱ्यांचा हिशेब जवळपास सारखाच: छतावर सपाट बसवलेला २०० वॅटचा पॅनल चांगल्या दिवशी ६०० ते ७५० वॅट-तास देतो, म्हणजे वरच्या लोडला ३०० ते ४०० वॅट हवेत. कंट्रोलर एमपीपीटीच (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि पाव उत्पन्न तिथेच जातं. आधी बॅटरी जोडा, मग पॅनल, काढताना उलट.

तयार पॉवर स्टेशन (बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर एकाच पेटीत) हा तिसरा मार्ग भाड्याच्या किंवा उसन्या गाडीसाठी ठीक. गाडीच्या सॉकेटवरून ते जेमतेम १०० वॅटने भरतं, आणि आतला एक भाग गेला की सगळंच दुरुस्तीला.

म्हणजे घ्यायचं काय? दिवसाचा लोड ४०० वॅट-तासांच्या आत, गाडी जुन्या अल्टरनेटरची, महिन्यातून एक-दोन सहली आणि मधल्या दिवसांत घरच्या चार्जरवर लावून ठेवायची सोय असेल, तर एजीएम पुरते आणि चालतेही बरीच वर्षं. बॅटरी बाहेर गोठत्या थंडीत राहणार असेल तरीही एजीएमच. बाकी सगळ्यांनी एलएफपी घ्यावी, पण डीसी-टू-डीसी चार्जर, क्लास-टी फ्यूज आणि शंट यांचा खर्च त्याच रकमेत धरून. जुन्या एजीएमच्या जागी नुसती एलएफपी ठेवून बाकी तसंच सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय. जुन्या चार्जरचा इक्वलायझेशन मोड (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा) १५.५ च्या वर गेला की बीएमएस ट्रिप होतो, आणि रिले आहे तसाच राहिला तर अल्टरनेटरची वाट लागते.

वायरिंग झाल्यावर फ्यूज बसवण्याआधी प्रत्येक लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) हाताने ओढून पाहा. लग सोल्डर करू नका, हेक्स क्रिंपच करा, म्हणजे षटकोनी साच्यात दाबून बसवा. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये चढतं, तिथे ती ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्याने नेमकी त्याच जागी तुटते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट हवंच. २३० व्होल्टची बाजू, म्हणजे बाहेरून घ्यायची वीज, आरसीडी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चासीचं अर्थिंग, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मग इन्व्हर्टरवर मोठा लोड टाकून दहा मिनिटं चालवा आणि मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर तोटा कुठल्यातरी जोडावर आहे. लोड बंद करून हाताचा मागचा भाग प्रत्येक लगजवळ न्या. जो बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो उघडा, घासून पुन्हा घट्ट करा. महिनाभर गाडी चालवल्यावर हेच पुन्हा एकदा, कारण नवी केबल हादऱ्याने बसते आणि नट सैल होतात.