फ्लाइटरडार२४: एका निवृत्त रडारवाल्याचा अभिप्राय

हवाई दलातली माझी सगळी नोकरी रडारच्या पडद्यासमोर गेली. त्यामुळे उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फोनवरच्या ॲपला पैसे मोजायचे म्हणजे मला चैनच वाटायची. घेतलं ते सौ.साठी. मुलगा आइंडहोवनला असतो आणि तो मुंबईहून आम्सटरडॅमच्या विमानात बसला की हिचा डोळ्याला डोळा लागत नाही. आता ती नाशिकला पलंगावर बसून पिवळं विमान बोटांनी मोठं करते आणि मला उंची, वेग वाचून दाखवते.

माल उत्तम आहे, हे आधीच सांगतो. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि एडीएस-बी संदेशातून ती सतत जाहीर करत राहतं. जगभर हौशी लोकांनी गच्चीवर लावलेले रिसीव्हर तो संदेश पकडतात आणि ही स्वीडिश कंपनी ते सगळं एका नकाशावर आणते. रिसीव्हर चालवणाऱ्याला वरच्या दर्जाची वर्गणी फुकट. पिवळं विमान जमिनीवरच्या रिसीव्हरनं पकडलेलं, निळं उपग्रहानं. दोघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही की ॲप काही वेळ ते अंदाजानं पुढे सरकवतं, मग दिसेनासं होतं. "अहो, गेलं की हो!" अशी रात्री दोनला हाक आली की हे सगळं समजावून सांगावं लागतं. नव्यानं घेणाऱ्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

फोन आभाळाकडे धरला की वरून जाणाऱ्या विमानाचं नाव येतं, हा प्रकार मुलांना फार आवडतो. मला स्वतःला नकाशातल्या मोकळ्या जागा बघायला आवडतात. फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनवर एकही प्रवासी विमान नाही, भोवतीनं मात्र रांगा. एप्रिल २०२५पासून एअर इंडियाची विमानं पाकिस्तानला वळसा घालून जाताना दिसतात. 

पण सोसायटीत ज्यांना ज्यांना हे दाखवलं, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच: "म्हणजे विमान सेफ आहे की नाही ते यात कळतं ना?" वर पुढचं वाक्य ठरलेलं: "बघा ना, सगळी तिकडूनच चाललीयेत, म्हणजे काही धोका नसणार."

१७ जुलै २०१४ला पूर्व युक्रेनचा नकाशा असाच गजबजलेला होता. आदल्या काही दिवसांत तिथे लष्करी विमानं पाडली जात होती. युक्रेननं ३२,००० फुटांखालचं आकाश बंद केलं, वरचं चालू ठेवलं. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ आम्सटरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं, ३३,००० फुटांवर. बंद आकाशाच्या जेमतेम हजार फूट वर. आणि जमिनीवरून डागलेल्या ज्या बुक क्षेपणास्त्रानं ते पाडलं, त्याला हजार फुटांनी काय फरक पडतो? २९८ माणसं गेली, त्यातली १९६ डच. त्या वेळी आकाशाच्या त्याच भागात आणखी तीन प्रवासी विमानं होती आणि त्यातलं एक एअर इंडियाचं ड्रीमलायनर होतं. आपल्याकडे हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. तो भाग बंद करेपर्यंत त्या दिवशी १६० विमानं तिथून गेली होती. डच सुरक्षा मंडळाच्या अहवालात हेच आहे: आकाश उघडं आहे म्हणजे ठीक असणार, असं विमान कंपन्या धरून चालल्या. आमच्या सोसायटीचं वाक्य आणि त्यांचं वाक्य एकच.

८ जानेवारी २०२०चं तेहरान त्याहून जिव्हारी लागतं, कारण तिथे घोळ माझ्या धंद्यातला आहे. इराणनं त्याच रात्री इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं डागलेली, प्रत्युत्तर येणार म्हणून सगळे ताणाखाली, आणि विमानतळ चालू! पहाटेपासून विमानं सुटत होती. युक्रेनचं पीएस७५२ हे प्रवासी विमान जवळजवळ तासभर उशिरा, सकाळी ६.१२ला निघालं. फ्लाइटरडारची नोंद ६.१४ला संपते. १७६ जीव. तीन दिवसांनी इराणनं कबूल केलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्रानं चुकून पडलं. पुढे त्यांच्या अहवालात कारण आलं, की क्षेपणास्त्राची गाडी जागेवरून हलवली आणि तिच्या रडारची उत्तर दिशा पुन्हा जुळवली नाही, १०७ अंशांचा फरक पडला. विमानतळाकडून येणारं विमान भलत्याच दिशेनं येताना दिसलं, आणि वरून परवानगी नसताना डागलं. गाडी हलवली की आधी उत्तर लावायची, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवसापासून घोकायला लावतात. कॅनडा आणि युक्रेनला तो अहवाल पटला नाही. मलाही एवढ्यावर भागत नाही. उत्तर चुकली हे मान्य करू, पण आकाश उघडं का ठेवलं?

विमानानं आपली ओळख सांगून भागतं असंही नाही. १९८८ला इराण एअर ६५५ बंदर अब्बासहून दुबईला चाललेलं, ओळख सांगणारं यंत्र, ट्रान्सपाँडर, नागरी संकेत देतोय, विमान वर चढतंय. व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेवर तेच अंगावर उतरणारं एफ-१४ लढाऊ विमान ठरलं आणि पाडलं गेलं. २९० गेले, त्यात दहा भारतीय.

तेव्हा हे ॲप घ्या ते विमान कुठे पोचलं, किती उशीर आहे, घ्यायला कधी निघायचं यासाठी. तेवढं काम ते चोख करतं. वाट कशी आहे हे बघायचं असेल तर युरोपच्या ईएएसए या हवाई सुरक्षा संस्थेचे संघर्षक्षेत्रांबद्दलचे इशारे इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत. भाषा रुक्ष आहे, पण कुठल्या देशावरून, किती उंचीपर्यंत जाऊ नका, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. जीपीएस कुठे बिघडवलं जातंय त्याचा नकाशा फ्लाइटरडारच्याच वेबसाइटवर बघायला मिळतो, तोही बघा.

पाचपैकी चार तारे. घरच्या माणसाचं विमान बघायला फुकटचं पुरतं, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. जुन्या नोंदी चाळायची हौस असेल तर सिल्व्हर घ्या आणि वर्षाचीच वर्गणी भरा, महिन्याची महाग पडते.