कोरियातील शिक्षकखोलीसाठी बडोद्यात गिरवलेले धडे

भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला आणि भारतीय शिक्षकांनाही तेथील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेने जाऊन, एका सरकारी प्राथमिक शाळेत दोन वर्षे शिकवून मी नुकतीच बडोद्याला परतले आहे. जाण्यापूर्वी सहा आठवडे मी सयाजीगंज भागातील एका खासगी पूर्वतयारी वर्गाला जात होते. वर्ग संपला त्याच दिवशी अभिप्राय लिहून देण्याचा आग्रह झाला होता. तेव्हा तो टाळला हे बरेच झाले, कारण या वर्गाचा कस लागतो तो तेथील शिक्षकखोलीत, सहकाऱ्यांच्या सहवासात.

लिपीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. पहिल्या आठवड्याअखेर आम्ही सर्व जण हांगुल अडखळत का होईना वाचू लागलो होतो. संबोधनांचा तासही चांगला झाला. कोरियातील शाळेत सहकाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नावापुढे ‘सॉनसेंगनिम’ लावतात आणि मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांचा उल्लेख पदानेच करतात. ज्यांनी दांडिया बाजारातल्या शाळेत ‘बाई’ आणि ‘सर’ म्हणण्यात बालपण घालवले, त्यांना हे शिकवावे लागत नाही, केवळ शब्द बदलून द्यावे लागतात.

वर्गातील सर्वांत उत्तम तास होता तो ‘ह्वेशिक’चा, म्हणजे शाळेतील सर्वांनी मिळून बाहेर जेवायला जाण्याच्या प्रथेचा. गुजरातेत दारूबंदी असल्याने सोजूच्या जागी ताक आले आणि आम्ही पेल्यांत ताक ओतून सराव केला: वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी ओतायचे, त्यांनी ओतले तर पेला दोन्ही हातांनी धरायचा, पिताना मान किंचित बाजूला वळवायची आणि आपला पेला आपणच भरायचा नाही. त्या वेळी हसू आवरत नव्हते. मार्चमध्ये नवे शालेय वर्ष सुरू झाले, पहिल्याच जेवणात उपमुख्याध्यापक बाटली घेऊन माझ्यापाशी आले आणि हात आपोआप योग्य जागी गेले, तेव्हा त्या ताकाचे मोल कळले.

मात्र ‘पीत नसाल तर नम्रपणे नकार द्या’ एवढ्यावर वर्गाने हा विषय आटोपता घेतला, आणि ते अपुरे आहे. दारूला नकार देता येतो, पेल्याला देऊ नये. मी पेला पुढे केला आणि त्यात ‘साइदा’ मागितले; तेथे साइदा म्हणजे आपल्याकडच्या लिंबाच्या स्वादाच्या सोड्यासारखे पेय. पेला भरला गेला, सर्वांबरोबर उंचावला गेला आणि पुढे दोन वर्षांत मला कोणी पुन्हा आग्रह केला नाही.

शाकाहाराच्या बाबतीत वर्गाने दिलेले एकच वाक्य, ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे ‘मांस वगळून द्या’, प्रत्यक्षात फसवे ठरले. बोलताना ‘गोगी’ म्हटले की बहुतेकांच्या मनात मासळी येत नाही. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो आणि पुष्कळ रश्श्यांचा आधार सुकी मासळी हाच असतो. भाजलेल्या मांसाच्या उपाहारगृहात मी भात, लेट्यूसची पाने, लसूण आणि जाळीच्या एका कोपऱ्यात वेगळे भाजलेले अळंबे यांवर निभावले, पण शेजारच्या शिक्षिका माझ्या रिकाम्या ताटलीकडे पाहून इतक्या कासावीस झाल्या की त्यांचेच जेवण बिघडले. आपण काय खातो हे आदल्या दिवशीच नीट सांगून ठेवावे, एवढी साधी सूचना वर्गात कोणी दिली नाही.

खरी उणीव याहून मोठी आहे. सहकाऱ्यांशी नाते जुळते ते वर्षातल्या चार-सहा जेवणांत नव्हे, तर मधल्या किरकोळ प्रसंगांत, आणि त्यांविषयी वर्गात चकार शब्द निघाला नाही. आमच्या शाळेत बुधवारी दुपारी शिक्षकांचा व्हॉलीबॉल असे, एका बाजूला नऊ-नऊ जण. त्याची सूचना शाळेच्या संगणकावर कोरियनमध्ये येत असे आणि ती न वाचल्यामुळे मी महिनाभर रिकाम्या वर्गात एकटीच वह्या तपासत बसले. ‘छिनमोख्वे’ नावाची शिक्षकांची स्नेहमंडळीही असते. तिच्या मासिक वर्गणीतून जेवणे, लग्नाचे आहेर आणि निरोपाच्या भेटी होतात. मला कोणी विचारले नाही, मीही विचारले नाही आणि तीन महिने इतरांच्या वर्गणीवर जेवले. कळल्यावर मागची वर्गणी एकदम भरली, पण ओशाळलेपण बराच काळ गेले नाही.

मार्चमध्ये बदलून आलेल्या शिक्षकांच्या नावे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून तांदळाच्या ‘तॉक’चे डबे येतात आणि ते टेबलाटेबलावर वाटले जातात. मी उत्तरादाखल बडोद्याची भाकरवडी वाटली (पुणेकरांनी रागावू नये) आणि त्या दिवसापासून माझ्या टेबलापाशी थांबून बोलणाऱ्यांची संख्या वाढली. सरकारी शाळांतील शिक्षकांची काही वर्षांनी बदली होते, हेही आधी सांगायला हवे होते. माझ्या दुसऱ्या मार्चमध्ये जवळच्या दोन मैत्रिणी दुसऱ्या शाळांत गेल्या आणि ओळखीपासून पुन्हा आरंभ करावा लागला.

छापील टिपणे जुनी आहेत. जन्मताच एक वर्ष धरण्याची कोरियन वयमोजणी त्यांत सविस्तर दिली आहे. प्रशासकीय आणि दिवाणी व्यवहारांत जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वयच धरले जाते, याचा उल्लेख नाही. सहकारी वयाऐवजी जन्मवर्ष विचारतात, तेव्हा तेच सांगावे.

साडेसात हजार रुपयांत लिपी आणि ताकाचा तास एवढे जरी पदरात पडले तरी माझ्या मते पैसे वसूल होतात. शेवटचे दोन आठवडे मात्र अर्ज आणि कागदपत्रांत खर्ची पडतात, आणि ती माहिती अन्यत्र विनामूल्य मिळते. त्या तासांना बसण्याऐवजी संचालकांकडे शिक्षकखोलीतील सूचना वाचण्याच्या सरावाचा आग्रह धरावा. मी तो लेखी धरला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.